गोळीची बदली

एकोणऐंशी सालची गोष्ट. खोकला थांबला म्हणून नाशकातल्या एका कचेरीचे हेडक्लार्क सावळीराम यांनी टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांतच बंद केल्या.

डॉक्टर वैतागले. "भाऊसाहेब, गोळी कामाला लागलेल्या जंतूंना मारते. बाकीचे मेल्यासारखे पडून राहतात. गोळी थांबली की उठतात. मग तुमचं काही खरं नाही."

सावळीराम सावरून बसले. "आमच्याकडे नवा कडक साहेब आलाय, सगळी कचेरी सध्या अशीच पडून आहे. म्हणजे गोळीची बदली होऊ द्यायची नाही, एवढंच ना?"

"एवढंच. दीड वर्ष."

सावळीरामांनी दीड वर्षात एकही गोळी चुकवली नाही.



साहेबाची बदली मात्र त्यांनी तिसऱ्याच महिन्यात येवल्याला करवली.