दहाच मिनिटं

पडद्यावर पुन्हा तेच आलं: वजनकाटा सापडत नाही, फॅट मशीन सापडत नाही. मुजफ्फरने चष्मा काढून डोळे चोळले. रोजा होता, घशाला कोरड पडली होती आणि खिडकीबाहेर दुधाचे सहा टेम्पो उन्हात उभे होते.

दूध संकलन केंद्राचा सर्व्हर बंद करायला त्याने वेळ तशी बघूनच घेतली होती. केंद्रावर सकाळचं दूध दहाला संपतं, संध्याकाळचं पाचच्या आत येत नाही. मधल्या वेळात नवीन कर्नल टाकायचं, म्हणजे सर्व्हरचा गाभाच बदलायचा. पण आज गावची जत्रा. पालखीचा छबिना गाठायचा म्हणून वस्त्यांवरच्या लोकांनी भर दुपारीच धारा काढल्या आणि दोनला कॅन आणून उभे केले. हे शेवगावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मुजफ्फरने वेळ बघितली, तारीख बघितली नाही.

दूध तपासणारा कचरू दारात आला.

"झालं का, सर?"

"दहा मिनिटं."

"मगाशीबी दहाच म्हनला हुता. भीमाबाई तीनदा इचारून गेली. तिची वस्ती लांब, धार अकराची हाय. फुटंल तिचं दूध."

"मग घेऊन टाका ना कूलरमध्ये. नोंद मागून करू."

"नोंदीबिगर कॅन उघडायचा न्हाई, असा कागद तुमच्याच हापिसानं लावलाय भितीवर."

मुजफ्फर पुन्हा पडद्याकडे वळला. कागद त्यानेच टाईप केला होता.

नव्या कर्नलला जुन्या काट्याची ओळख पटवायला एक फाईल लागत होती. ती इंटरनेटवरून उतरवायची होती, आणि जत्रेला लोटलेल्या पंचक्रोशीचे सगळे मोबाईल एकाच टॉवरला लटकले होते. फाईल मध्येच अडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची.

जुनं कर्नल शाबूत होतं. सर्व्हर पुन्हा सुरू करायचा, यादीतली खालची ओळ निवडायची, की झालं. पण याआधी दोनदा तो असाच माघारी फिरला होता, आणि मुख्य ऑफिसातले साहेब सगळ्यांदेखत म्हणाले होते, "मुजफ्फर, तुमच्याच्याने होत नसेल तर तसं सांगा." ते त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. म्हणून तीनलाही त्याने 'दहा मिनिटं' सांगितलं, चारलाही 'दहा मिनिटं'च सांगितलं. पाचला फाईल पुन्हा अडली तेव्हा मात्र त्याचं अवसान गळालं. त्याने खालची ओळ निवडली.

काटा दिसला. फॅट मशीन दिसलं. बाहेर कुणीतरी शिट्टी मारली आणि कॅन भराभर आत येऊ लागले.

भीमाबाईचा कॅन शेवटी आला. त्यावर तिने ओलं पोतं टाकलं होतं. तेही वाळून कडक झालं होतं. कचरूने नळीत थोडं दूध घेऊन उकळत्या पाण्यात धरलं. नळी तिरकी केली तसे काचेला पांढरे कण चिकटून राहिले.

"फुटलं, भीमाबाई. परत न्यावं लागंल."

"समदं?"

"समदं."

ती नळीकडे बघत राहिली. मग मुजफ्फरकडे वळली. "मशीन कशानं सुरू झालं?"

"जुनं होतं, तेच परत लावलं."

"लई येळ लागला आसंल."

"दोन मिनिटं," त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मंग आदीच का न्हाई लावलं, बाबा?"

आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं, म्हणून ती विचारत होती. मुजफ्फरपाशी सांगायला चार इंग्रजी शब्द होते, आणि ते ऐकून तिने मानही डोलावली असती. त्याला स्वतःची लाज वाटली.

"माझ्या हट्टापायी, मावशी," तो म्हणाला.

भीमाबाईने वाकून कॅनची एक कडी धरली. दुसरी त्याने धरली. नऊ वर्षं तो या केंद्रावर होता. भरलेला कॅन त्याने आज पहिल्यांदा उचलला.