ऊब पिणारा दगड

बेपत्ता तानाजीच्या चपला दगडाच्या पायथ्याशी सापडल्या. देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा, नीट जोडीने. वाळूवर पावलाची एकही खूण नव्हती. दोन दिवसांच्या वाऱ्याने ती पुसली, की मुळात उमटलीच नव्हती, कोण सांगणार?

नोएल लांबच थांबला. ओमानमधल्या हुक्फच्या सपाट वाळवंटात तो घराएवढा काळा दगड एकटाच बसला होता. आसपास त्याच्या जातीचा खडाही नाही. फार पूर्वी इथे हिमनदी होती, तिने तो आणून टाकला, असं तेल शोधणारे साहेब सांगून गेले होते. टँकरने पाणी आणणारा, वाळवंटातल्या बदू टोळीतला महमूद वेगळंच सांगायचा. "त्याची थंडी अजून गेली नाही. एकटा माणूस टेकला, की हा त्याची ऊब पितो. मागे हाडूकसुद्धा उरत नाही."

त्यांच्याच खडीच्या क्रशरवरचे दोघे याआधी असेच नाहीसे झाले होते.

क्रशरचा मालक, अर्बाब, गाडीतून उतरलाच नाही. सगळ्यांचे पासपोर्ट त्याच्या तिजोरीत होते. तानाजीचा बाप वारला तेव्हाही त्याने त्याला गावी सोडलं नव्हतं. नोएलची वसईला जन्मलेली मुलगी आता शाळेत जायची. त्याने तिला अजून पाहिलं नव्हतं.

"पोलिसांत कळवायचं?" फोरमनने विचारलं.

अर्बाब ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता. "खलास. याने ज्याला नेलं, त्याला शोधायचं नसतं."

गाड्या घाईघाईने वळल्या. मागे राहिलेल्या नोएलला कुणी हाकही मारली नाही. तानाजी, इतकी वर्षं त्याच्यासोबत एका खोलीत राहिलेला माणूस! नोएलने क्रुसाची खूण केली आणि दगडावर तळवा टेकला. सावलीतला दगड गारठलेला होता. त्याला रडू फुटलं.

किती वेळाने कोण जाणे, महमूदचा टँकर येऊन उभा राहिला.

"रडतोस कशाला? तानाजी मस्कतला आहे. तुमच्या वकिलातीच्या दाराशी मीच सोडला. आधीचे दोघे तर वकिलातीच्या कागदांवर कधीच घरी पोचले."

नोएलने डोळे पुसले. "मग ही दगडाची गोष्ट?"

"माझ्या आजोबांची. अर्बाबनेही लहानपणी त्यांच्याकडूनच ऐकलीय."

महमूदने टाकीचं झाकण उघडलं. आत पाण्याचा थेंब नव्हता.

"चल, यल्ला," तो म्हणाला. "सगळ्यांनी तुला शेवटचं इथेच पाहिलंय."