जोहार

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या शाळेत सुजाताला मध्ययुगीन युरोपवर प्रोजेक्ट होतं. गावाहून आलेल्या आजोबांना ती समजावत होती, "किंग सरदाराला लँड द्यायचा. मग सरदार लाइफभर किंगचं काम करायचा."

भानुदास हसले. "हे तर आपलंच की गं! आम्हालाही वतनाचा तुकडा होता. त्यापायी माझा बा जन्मभर पाटलाच्या दारात राबला. हाक आली की भाकरीवरून उठायचं आणि लांबूनच जोहार घालायचा."

"सेम थिंग! आता तुम्ही सरदार, मी किंग. गुडघ्यावर बसा."

भानुदासांचं हसू मावळलं. कुणापुढे वाकणं त्यांनी छप्पन्न साली, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच सोडलं होतं. पण नातीसाठी ते बसले.

सुजातानं त्यांचे जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरले, त्यांना उठवलं आणि त्यांचा पापा घेतला.

"हे काय मधेच?"

"नो आजोबा, किंग असंच करायचा. बुकमध्ये आहे."

भानुदास बराच वेळ आपल्या हातांकडे बघत राहिले.

"म्हणजे," त्यांनी हळूच विचारलं, "तिथला राजा त्याला शिवायचा?"