फ्लोरामावशींची पिशवी

“घरात मासळीचा काटासुद्धा यायला नको, मावशी. माझा चातुर्मास आहे.”

गाणगापूरला सप्ताहासाठी निघताना क्षितिजाने दारात उभं राहून हे एवढं दोनदा बजावलं होतं. बाकीचं कागदावर लिहून दिलं होतं. बुंदीला दोन्ही वेळा मांजरांचे कोरडे दाणे, ताजं पाणी, मातीचा ट्रे साफ. आणि दर वेळी अर्धा तास तिच्यापाशी बसायचं, कारण आई गेल्यापासून घरात ती आणि ही मांजर, दोघीच, आणि बुंदीला एकटीला राहवत नसे. दिवसाचे तीनशे, आठ दिवसांचे चोवीसशे.

“आल्या आल्या पैसे तुम्ही असाल तिथे आणून देईन,” ती म्हणाली होती.

फ्लोरामावशी हसल्या होत्या. “मी दुपारनंतर मासली बाजारात. तिथं येशील, बाय? चातुर्मासात?”

“येईन की,” रिक्षात बॅग ठेवता ठेवता ती बोलून गेली होती.

आता परतल्यावर तिने बाजारात न जाता फोन करून मावशींनाच घरी बोलावलं होतं. त्या यायच्या होत्या आणि ती टेबलापाशी बसली होती. समोर आईची चांदीची भांडी ओळीने मांडलेली. ताम्हन, पळी, पंचपात्र, दोन निरांजनं, अत्तरदाणी. सकाळपासून तिने ती दोनदा मोजली होती. डाळींचे डबे उघडून पाहिले होते. काही कमी नव्हतं. पण दाराशी लावलेल्या कॅमेऱ्यात तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. गाणगापूरला पोथी चालू असायची आणि तिचं बोट मोबाइलवर, त्या कॅमेऱ्याच्या चित्रावर. तिसऱ्या दिवसापासून मावशी कापडी पिशवी घेऊन यायच्या. चार-पाच मिनिटांत बाहेर. जाताना पिशवी फुगलेली, पदराखाली घट्ट धरलेली. तासाभराने यायच्या, आत डोकावल्यासारखं करायच्या आणि कुलूप लावून निघायच्या. काय नेत होत्या, काय आणत होत्या, महाराजांनाच ठाऊक.

मावशी आल्या. बाजारातून आल्या होत्या म्हणून उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“अर्धा तास ठरला होता, मावशी. तुम्ही पाच मिनिटंही बसला नाहीत. मी सगळं पाहिलंय.” क्षितिजाने चोवीसशेतले निम्मे, बाराशे रुपये पुढे केले. आवाज चढवला नाही. तशी तिला सवयच नव्हती.

मावशींची नजर नोटांवरून टेबलाकडे गेली. चांदीच्या त्या ओळीवर जराशी थांबली.

“सगळं हाय ना, बाय?”

“आहे.”

त्यांनी नोटा न मोजता कमरेला खोचल्या. बुंदी आतून धावत आली आणि त्यांच्या पायांत घोटाळू लागली. त्यांनी वाकून तिच्या कानामागे खाजवलं आणि त्या जिना उतरल्या. क्षितिजाने मांजरीला उचलून दार लावलं. आठ दिवसांत चांगली गुबगुबीत झाली होती. अंगावर तकाकी आली होती. महाराजांची कृपा, ती मनात म्हणाली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी कुरियरवाल्याला दार उघडलं आणि बुंदी निसटली. जिना, आवाराची भिंत, मागची गल्ली. वाट चुकल्यासारखी नाही, रोजच्या रस्त्याने जावं तशी गेली. क्षितिजा धापा टाकत मागोमाग पोचली ती थेट फ्लोरामावशींच्या अंगणात. ओट्यावर त्यांचा नवरा डॉमनिक कांद्याची पात निवडत बसला होता. बुंदी धुण्याच्या दगडापाशी, पालथ्या घातलेल्या एका लहानशा थाळीसमोर जाऊन बसली आणि ओरडायला लागली.

“आली का पाहुनी!” डॉमनिक हसला. “फ्लोरा बाजारात गेली गं. आता थांब रातीपर्यंत.”

“ही... इथे यायची?”

“यायची कुठली, पिशवीत बसून यायची, गल्लीत आली का मुंडी बाहेर काढून, रानीवानी! तुम्ही गेलात नि दोन दिस हिनं दान्याला तोंड लावलं नाय. कोपऱ्यात पडून. फ्लोरा म्हनली, मासलीबिगर ही जगायची नाय, नि त्या घरात मासली न्यायची नाय. मंग दोन टाइम हिकडं. तासभर मांडीवर घेऊन बसायची. खाऊन झालं का ओल्या फडक्यानं हिचं तोंड नि पाय पुसायची, मंग घरी.”

फडकं अजून दोरीवर होतं.

“मला बोलल्या का नाहीत?” क्षितिजाने विचारलं.

“तिनं मलाबी दम भरलेला. सांगू नको म्हनली. व्रतात मांजरीनं मासली खाल्ली कळलं तर पोरीच्या मनाला लागंल.” मग त्याने जीभ चावली. “आता मीच बोललो. माझी खैर नाय.”

बुंदीला पोटाशी धरून क्षितिजा घरी आली. चांदीची भांडी अजून टेबलावरच होती. तिच्याने त्यांच्याकडे बघवेना. देवापुढे उभी राहिली, पण हात जोडले जाईनात. मग कपाटातून तिने बाराशे काढले. सहा दिवसांच्या मासळीचे किती होतात हे तिला माहीत नव्हतं. ते मावशींनाच विचारायला लागणार होतं. घरात होते नव्हते तेवढे सगळे पैसे तिने पाकिटात घातले.

चातुर्मासात ती बाजाराच्या कोपऱ्यावर आली की ओढणी नाकाला लावून लांबच्या रस्त्याने वळायची. आज तिने ओढणी कमरेला बांधली आणि ओल्या लादीवर पाय ठेवत पहिल्याच मासळीवालीला विचारलं, “फ्लोरामावशी कुठे बसतात हो?”