काही नाही म्हणतोय

बोलता बोलता म्हाताऱ्या बाईंचा आवाज गेला. ओठ हलत होते, बोट टेबलावर आपटत होतं, पण सलूनमधल्या टीव्हीतून चकार शब्द बाहेर येईना. निवेदक घाईघाईने पडद्यावर आला, "तांत्रिक अडचणीबद्दल क्षमस्व" म्हणाला आणि लगेच मंत्र्यांचं बोलणं खणखणीत ऐकू यायला लागलं.

"अडचणही हुशार आहे," बाकावर नंबर लावून बसलेला पोस्टमन म्हणाला. "बाई बोलल्या की येते, मंत्री बोलले की जाते."

कुणी हसलं नाही. कारण खुर्चीत हवालदार बसला होता, गालांना फेस आणि गळ्याशी पांढरं कापड. सलून दोघा भावांचं. थोरला हवालदाराची दाढी करत होता. दुकानाचा परवाना या महिन्यात नव्याने व्हायचा होता आणि त्यावर चौकीचा शेरा हाच हवालदार लिहिणार होता. त्यामुळे थोरल्याचा वस्तरा आज जरा जास्तच जपून चालला होता.

टीव्हीवर चर्चा नव्या कायद्याची होती. पुढच्या वर्षापासून सगळ्या शाळांत एकच राष्ट्रभाषा. घरच्या भाषेतल्या शाळा बंद. गल्लीच्या टोकाची शाळाही त्यात आली. म्हाताऱ्या बाईंचा जन्म अशा शाळेत शिकवण्यात गेलेला. त्या काय म्हणतात ते ऐकायला शेजारची किराणावाली दुकान वाऱ्यावर सोडून दारात येऊन उभी होती. तिची मुलगी पहिलीत होती.

बाईंनी पुन्हा तोंड उघडलं आणि आवाज पुन्हा गेला.

तेवढ्यात धाकटा हसला. धाकटा जन्मापासून बहिरा. तो दुसऱ्या खुर्चीशी कात्री पुसत उभा होता आणि टीव्हीच्या खालच्या कोपऱ्याकडे टक लावून बघत होता. तिथल्या छोट्या चौकटीत, बहिऱ्यांना खुणांनी सांगणारी एक तरुणी होती. तिचे हात चाललेच होते. ती तिकडे बाईंच्या समोरच उभी असणार. तिला बाई ऐकू येत होत्या आणि थांब म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. आवाज बंद करणाऱ्याने आवाज तेवढा बंद केला होता. हातांचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

हसता हसता धाकटा एकदम गंभीर झाला. मग त्याने बाहीने डोळे पुसले.

"अरे, याला कळतंय!" पोस्टमन बाकावरून उठलाच. "सगळ्या गल्लीत एकट्या यालाच कळतंय! काय म्हणाल्या रे बाई?"

धाकट्याने कात्री ठेवली आणि थोरल्याकडे वळून हातांनी सांगायला सुरुवात केली. बराच वेळ सांगत होता. सगळे त्याच्या हातांकडे बघत राहिले, आणि हात थांबल्यावर सगळ्यांनी थोरल्याकडे पाहिलं.

आता थोरल्याची एक जुनी खोड होती. धाकट्याचे हात कितीही वेळ चालले तरी गिऱ्हाइकाने विचारलं की हा सांगायचा, "काही नाही म्हणतोय." फारच खोदून विचारलं तर, "चहा हवाय त्याला." धाकट्याची मतं भारी तिखट, गिऱ्हाइकाच्या कलपापासून सरकारपर्यंत तो कुणाला सोडत नसे. धंद्याच्या वेळी ती सगळी कुठे सांगत बसायचं?

"काही नाही..." थोरल्याच्या तोंडून सवयीने निघालं.

धाकट्याने ते ओठांवरून ओळखलं. इतक्या वर्षांत दुसरं काही नाही तरी तेवढं त्याला पाठ झालं होतं. तो चिडला नाही. त्याने कात्री उचलली आणि पाठ फिरवून पुन्हा पुसायला लागला. थोरल्याला ते फार लागलं.

"दादा, सांगा ना," किराणावाली म्हणाली. "माझी पोर आहे हो तिथे."

थोरल्याने आरशात पाहिलं. फेसाच्या वर हवालदाराचे दोन डोळे त्याच्यावरच रोखलेले होते.

"सांगा की," हवालदार म्हणाला. "मीही ऐकतोय."

धमकी होती की उत्सुकता, काही कळायला मार्ग नव्हता. थोरल्याने वस्तरा मिटून बाजूला ठेवला. मग धाकट्याच्या खांद्याला हात लावून त्याला आपल्याकडे वळवलं.

"बाई म्हणतात," त्याने सुरुवात केली, "पहिलीतल्या पोराला घरची भाषा वर्गात बोलू नको म्हटलं, की ते दुसरी भाषा शिकत नाही. ते गप्प बसायला शिकतं. मग लोकांना वाटतं, याला काही म्हणायचंच नसतं." इथे तो जरा अडखळला. "आणखी म्हणतात... मंत्री सांगतात की या भाषेत शिकून कुणाचं भलं झालं नाही. हे खोटं आहे. ते स्वतः माझ्याच वर्गात याच भाषेत अक्षरं शिकले. आज ते सगळ्यांसमोर धडधडीत..."

शेवटी शेवटी त्याचा आवाज इतका खाली गेला की पोस्टमनने कानामागे हात धरला आणि किराणावाली दारातून आत सरकली. धाकट्याने त्या दोघांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग तो पुढे आला आणि त्याने आपला तळवा थोरल्याच्या गळ्यावर ठेवला.

थोरल्याने ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून म्हटलं, त्या हाताला जाणवेल इतक्या मोठ्याने.