दव सुकेपर्यंत

अटिंगाने खुडूक कोंबडीखाली गिनी कोंबडीची पंधरा अंडी ठेवली आणि पिल्लं बाहेर पडण्याआधीच तो तापाने गेला. त्याची बायको अराबा दूर समुद्रकाठच्या केप कोस्टमधल्या कोळ्याची मुलगी. पिल्लं तिने कधी सांभाळलीच नव्हती. पंधराही अंडी फुटली, तेव्हा तिने वारुळं फोडून पिल्लांना वाळवी आणून घातली. चौथ्या दिवशी उजाडताच तिने त्यांच्यावरचं डालगं उचललं. पिल्लं ओल्या गवतात धावली, भिजली आणि उन्हं येईपर्यंत बारा गारठून मेली. "दव सुकल्याशिवाय सोडायची नसतात गं," अटिंगाची आत्या म्हणाली. "म्हणून तर तो दर खेपेला सकाळी डालग्यापाशी बसून राहायचा." अराबा डालग्यापाशी बसली. "आळशी म्हणून मी रोज सकाळी त्याच्याशी भांडायचे, आत्याबाई. त्याने एकदाही सांगितलं नाही!" "मी म्हटलं होतं, सांगून टाक. तर हसला. म्हणाला, 'मग ती माझ्यापाशी भांडायला कशी येईल?'" अराबाने उरलेली तिन्ही पिल्लं मांडीवर घेतली.