साफ रान

तणनाशकाच्या बाटलीवर ठळक छापलंय, तण दोन-तीन पानांवर असतानाच फवारा. पण कंपनीच्या साहेबांची तारीख मिळेना, म्हणून माझ्या घेवड्यातलं प्रात्यक्षिक वीस दिवस लांबलं आणि तण गुडघ्याला लागलं.

आज साहेब उगवले. "स्टिकर दुप्पट ओता, औषध पानाला चिकटेल," म्हणाले. एवढं माजलेलं तण स्टिकरला भीक घालत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. मला थुंकावंसं वाटलं, पण गिळलं.

फोटोला मात्र साफ रान हवं होतं. सगळी वरात बांधापलीकडं चुलतीच्या घेवड्यात घुसली. तिनं तो हातानं खुरपला होता. साहेबांनी बाटली उंचावली. "मावशी, खुरपं घेऊन जरा बाजूला व्हा."

साहेबांनी दिलेली शाल पांघरून मी दात काढले. चुलती माझ्याकडं बघून पचकन थुंकली.